न पाहिलेल्या जागेत पाऊल : व्हिडिओ खेळांतील स्थलरचना

(नवागाम, सुरत येथे शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्या शाळेच्या दिवंगत चित्रकला-शिक्षकांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, संतवाङ्मय यांविषयी बोलावे, अशी आपली रीत आहे. त्या रीतीत ‘व्हिडिओ खेळ’ हा विषय कोठे बसतो, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. पालकांच्या मनात तर त्याहून कडवट प्रश्न असेल. मोबाइलवरून मुलांची नजर हलत नाही म्हणून घरोघर तक्रार चालू असताना या गृहस्थाने त्याच खेळांची थोरवी सांगावी काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देण्याचा माझा विचार नाही. मात्र त्याचे उत्तर शोधायचे, तर आधी ही वस्तू आहे तरी काय, ती घडते कशी, हे पाहावे लागेल. ज्या व्यवसायात मी आहे त्याची कार्यशाळा आज थोडी उघडून दाखवावी, एवढाच माझा हेतू आहे.

खेळातील जागा म्हणजे काय?

व्हिडिओ खेळाचे अनेक भाग असतात. कोणी कथा लिहितो, कोणी पात्रे रेखाटतो, कोणी आज्ञावली रचतो, कोणी संगीत देतो. या सर्वांना एकत्र बांधणारा एक भाग असतो, तो म्हणजे खेळणारा ज्या जागेत वावरतो ती जागा. मुले तिला ‘लेव्हल’ म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू. एखादा किल्ला, एखादी गल्ली, एखादे जंगल. तेथे कोठून शिरायचे, काय दिसायचे, काय लपायचे, कोठे थबकायचे, कोठे धावायचे, हे सारे कोणीतरी आधी ठरवलेले असते. ते ठरवणे म्हणजे लेव्हलची रचना.

ही कला संगणकासोबत जन्मली असे मानण्याचे कारण नाही. आपल्याकडे मोक्षपट होता. परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. त्या पटावरील शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. खेळणारा सोंगटी पुढे सरकवतो आणि सरकवता सरकवता एक जीवनदृष्टी शिकतो. कोणता साप कोणत्या घरात ठेवायचा, मोक्षाच्या किती जवळ आल्यावर पतनाची भीती उभी करायची, हा निर्णय रचनाकाराचा आहे. उपदेश त्याने शब्दांत सांगितला नाही, जागेत मांडला.

याहून मोठे उदाहरण आपल्या किल्ल्यांचे. रायगडाचा महादरवाजा पाहा. तो दोन भव्य बुरुजांच्या आड असा दडवला आहे की, अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. आणि दिसतो तेव्हा शत्रू दोन्ही बाजूंनी माऱ्याच्या टप्प्यात आलेला असतो. देवगिरीचा किल्ला तर या शास्त्राचा ग्रंथच म्हणावा. तासून उभा केलेला कडा, भोवती खडकात खोदलेला खंदक, आणि वर जाण्यासाठी ती प्रसिद्ध अंधारी. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरलेल्याचे डोळे क्षणभर निकामी होतात. वाट वळते, पायऱ्या असमान होतात, आणि आपण कोठे चाललो आहोत याची खात्री उरत नाही. प्रकाश, वळण आणि अनिश्चितता या तीन गोष्टींनी त्या अनामिक स्थपतींनी शत्रूच्या मनावर राज्य केले. आज आम्ही संगणकासमोर बसून जे करतो, ते याच तीन गोष्टींनी करतो. फरक इतकाच, की त्यांना शत्रूला हरवायचे होते आणि आम्हाला खेळणाऱ्याला अखेर जिंकू द्यायचे असते.

नाटकाचे नेपथ्य हेही या कलेचे नातेवाईकच. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी कोल्हापूरचे बाबुराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत. त्या पडद्यावरचा राजवाडा प्रेक्षकाने खुर्चीवरून पाहायचा असे. लेव्हलमधल्या राजवाड्यात मात्र प्रेक्षकच शिरतो. तो खांबामागे डोकावतो, जिना चढतो, मागे वळून पाहतो. म्हणून पडद्याची जी बाजू नाटकात कधीच दिसत नाही, तीही आम्हाला रंगवावी लागते.

‘इंजिन’ ही काय वस्तू आहे?

आता थोडे यंत्राविषयी. सुरुवातीच्या काळात प्रत्येक खेळासाठी सारी आज्ञावली नव्याने लिहीत. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या छोट्या संस्थेने ‘डूम’ हा खेळ काढला. त्यांनी चित्र उमटवणारी, हालचाल हिशेबात घेणारी मूळ आज्ञावली एका बाजूला ठेवली आणि नकाशे, चित्रे, आवाज ही सामग्री वेगळ्या फायलीत ठेवली. परिणामी यंत्र तेच ठेवून कोणालाही नवा नकाशा जोडता येऊ लागला, आणि जगभरच्या हौशी तरुणांनी हजारोंनी नकाशे रचले. लेव्हल रचणे हा स्वतंत्र हुन्नर म्हणून नावारूपाला आला, त्यात या घटनेचा वाटा फार मोठा आहे. त्या मूळ यंत्राला ‘इंजिन’ हे नाव रूढ झाले. १९९८ साली एपिक या संस्थेच्या ‘अनरिअल’ खेळाबरोबर त्याच नावाचे इंजिन आले. त्याची पाचवी आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. २००५ साली ‘युनिटी’ आले. अर्जेंटिनातील दोघा प्रोग्रॅमरांनी घडवलेले ‘गोडो’ हे इंजिन २०१४ पासून सर्वांना मुक्त आहे.

आपल्या सुरतेच्या भाषेत सांगायचे तर इंजिन म्हणजे लूम. सूत कोणते, रंग कोणता, नक्षी कोणती, हे विणणाऱ्याने ठरवायचे. धागा ताणून धरणे, धोटा फेकणे, ठोका देणे हे यंत्राने करायचे. उजेड पडला की सावली कोठे जाईल, दगड सुटला की कसा गडगडेल, भिंतीला धडकलेला माणूस आरपार का जाणार नाही, हा हिशेब इंजिन ठेवते. पाचव्या अनरिअलमधील ‘नॅनाइट’ या सोयीमुळे कोट्यवधी बारीक त्रिकोणांनी बनलेले मंदिराचे शिल्प थेट लेव्हलमध्ये ठेवता येते. जवळून पाहणाऱ्याला सूक्ष्म कोरीव काम दिसते आणि दूरच्याला तेवढाच तपशील दिला जातो. ‘लुमेन’ ही दुसरी सोय प्रकाशाचे परावर्तन त्या क्षणी मोजते. लाल साडी उन्हात वाळत घातली तर शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर जी तांबूस झाक पडते, ती आता हाताने रंगवावी लागत नाही.

पण लूम चांगला म्हणून कापड चांगले निघत नाही, हे या गावात मी सांगायला नको.

जागा घडते कशी?

लेव्हल रचणारा माणूस पहिल्या दिवशी सुंदर काही करीत नाही. तो करड्या रंगाचे ठोकळे मांडतो. येथे भिंत, येथे उतार, येथे पूल. ना रंग, ना पोत, ना झाड. या ओबडधोबड सांगाड्यात आम्ही दिवसेंदिवस नुसते चालून पाहतो. दहा पावलांत कंटाळा येतो का? उडी मारावीशी वाटते का? दरी पाहून पोटात गोळा येतो का? ठोकळ्यांत जी जागा रंगत नाही, ती पुढे कितीही सजवली तरी रंगत नाही. घराचा पाया भरण्याआधी फक्कीने जमिनीवर रेघा मारून मालक त्या न झालेल्या खोल्यांतून फिरतो, तसाच हा प्रकार.

मग येते माप. अनरिअल इंजिनात एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर. तेव्हा खऱ्या घराची मापे जशीच्या तशी घेतली की काम भागावे, असे वाटेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. खेळणाऱ्याची दृष्टी बहुधा पात्राच्या पाठीमागे, थोड्या उंचीवर तरंगत असते. त्यामुळे खरा मीटरभर रुंदीचा दरवाजा पडद्यावर चिंचोळा वाटतो आणि खरी खोली कोंदट. म्हणून दारे रुंद करावी लागतात, छत उंच करावे लागते. खरे वाटावे म्हणून माप खोटे करावे लागते. चित्रकलेच्या तासाला गुरुजी यथार्थदर्शन शिकवीत, तेव्हा फळ्यावर आगगाडीचे रूळ काढून सांगत, की रूळ खरे तर कधीच मिळत नाहीत, पण ते मिळताना काढले नाहीत तर चित्र खोटे पडेल. क्षितिजरेषा आणि जेथे सर्व रेषा मिटतात तो बिंदू, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांनी आम्हाला डोळा दिला. इंजिन आज ते यथार्थदर्शन आपसूक करते. परंतु तो बिंदू कोठे असावा, खेळणाऱ्याची नजर कोणीकडे ओढली जावी, हे अजूनही माणसालाच ठरवावे लागते.

नजर ओढणे हे या कलेचे मर्म होय. खेळणाऱ्याच्या हातात मोकळीक असते. त्याला ढकलता येत नाही आणि सतत पाट्या लावून सांगितले तर रंगाचा बेरंग होतो. मग वाट दाखवायची कशी? अंधाऱ्या बोळाच्या टोकाशी एक पिवळा दिवा ठेवला की पाय तिकडे वळतात. दूर उंचावर एखादा मनोरा दिसत राहिला की दिशा सुटत नाही. देवगिरीच्या पायथ्याशी फिरणाऱ्याला चांदमिनार जे देतो, तेच. केव्हिन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराने १९६० साली ‘शहराची प्रतिमा’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला. माणूस मनात शहराचा नकाशा वाटा, कडा, वस्त्या, नाके आणि खुणेच्या जागा या पाच गोष्टींनी तयार करतो, असे त्याने दाखवले. त्याने लिहिले शहरांविषयी, परंतु लेव्हल रचणाऱ्यांना ते पुस्तक आजही मार्गदर्शक वाटते.

शिकवणे हेही जागेकडूनच करवून घ्यायचे. १९८५ साली जपानच्या निन्टेन्डोने काढलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल या बाबतीत आदर्श मानली जाते. पात्र पडद्याच्या डाव्या बाजूला उभे असते, उजवीकडे मोकळी जागा असते; म्हणजे जायचे उजवीकडे, हे न सांगता कळते. थोड्याच अंतरावर एक शत्रू संथपणे चालत येतो. उडी मारली नाही तर डाव जातो, पण नुकसान काहीच नाही, कारण खेळ नुकताच सुरू झाला आहे. पुन्हा प्रारंभ, आणि यावेळी उडी. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शब्दाचीही सूचना न देता हा धडा दिला. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी या उदाहरणाचा अवश्य विचार करावा. चूक स्वस्त असली पाहिजे आणि शिकणे स्वतःचे वाटले पाहिजे, हा शिक्षणशास्त्राचाच नियम आहे.

नंतर लय. कीर्तनात पूर्वरंग असतो, मध्ये नामाचा गजर असतो, मग उत्तररंग. अखंड निरूपण कोणी ऐकत नाही आणि अखंड गजरही टिकत नाही. लेव्हलमध्येही झुंजीनंतर एक शांत अंगण लागते, अरुंद भुयारानंतर एकाएकी मोकळे आकाश लागते. श्वास रोखणे आणि सोडणे यांचा हा ताल साधला नाही, तर उत्तम चित्रेही थकवा आणतात. ध्वनीचे काम येथे डोळ्यांहून मोठे असते. पाणी दिसण्याआधी ऐकू आले, की मनात ते आधीच वाहू लागते.

अखेर काटकसर. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटवायची तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम साडेसोळा सहस्रांश सेकंद मिळतात. एवढ्या वेळात प्रकाश, सावली, पात्रे, आवाज, टक्कर, सारे उरकावे लागते. म्हणून जे दिसत नाही ते काढले जात नाही, आणि एकच दगड दहा ठिकाणी फिरवून वापरला जातो. भिंतीच्या पोताचे एक चौकोनी चित्र असे बनवतात, की त्याची डावी कड उजवीला आणि वरची खालच्या कडेला बेमालूम जुळावी. मग ते कितीही वेळा शेजारी मांडले तरी सांधा दिसत नाही. सुरतेत साडीच्या छपाईचे डिझाइन करणारा कारागीर याला ‘रिपीट’ म्हणतो आणि रोज तेच करतो. या सभागृहात असे कारागीर असतील, त्यांची मुले तर नक्कीच असतील. त्यांना मी एवढेच सांगेन, की या नव्या विद्येचा एक मोठा धडा तुमच्या घरात आधीच येऊन बसला आहे. जॅकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पत्त्यांनी नक्षी विणत, आणि चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी त्याच पत्त्यांची कल्पना उचलली. मागाचे आणि संगणकाचे नाते असे जुने आहे.

आपल्या जागा कोण रचतो?

आता ज्या मुद्द्यासाठी हे सारे सांगितले त्याकडे वळतो. आपली मुले या खेळांतून लॉस एंजेलिससारख्या शहरांत, युरोपच्या गढ्यांत, जपानच्या खेड्यांत फिरतात. ते वाईट नाही; घरबसल्या जग दिसते. पण त्या जगात आपण कोठे आहोत?

आपण अगदीच नाही असे नाही. २०१७ साली अमेरिकेच्या नॉटी डॉग या संस्थेने ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ हा खेळ काढला. त्याची भूमी आपला सह्याद्री, पश्चिम घाट. होयसळांच्या राजवटीचे अवशेष, धबधबे, तांबडा चिखल यांनी तो नटला आहे. त्यातील एका विस्तीर्ण भागात आधी उंच मनोऱ्यावर चढून सारा मुलूख नजरेखाली घालायचा आणि मग हव्या त्या क्रमाने अवशेष धुंडाळायचे, अशी सुरेख योजना आहे. २०१८ साली डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हने ‘हिटमॅन २’ मध्ये मुंबई रचली. दाट वस्ती, चिंचोळे बोळ, माणसांची गर्दी, आगगाडीचे रूळ असे सगळे तिच्यात आहे. कसब म्हणून दोन्ही कामे वाखाणण्यासारखी आहेत. पण परक्याच्या डोळ्यांना गर्दी दिसते, गर्दीतली ओळख दिसत नाही. बोळाच्या तोंडाशी बसलेली आजी प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला नावाने ओळखते, हे चाळीचे खरे स्थापत्य आहे. ते छायाचित्रांवरून उतरवता येत नाही.

येथे मला दादासाहेब फाळके आठवतात. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना, आपले देव असे पडद्यावर कधी दिसतील, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला. खेळांच्या क्षेत्रात तशाच प्रकारचा एक प्रयत्न पुण्यात झाला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी स्थापन केलेल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ अनरिअल इंजिनावर घडवला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरीही काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डोच्या यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला, आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठीच्या नामांकनांत त्याचे नाव होते.

या खेळाची नायिका राजी ही एक कसरतपटू मुलगी आहे. असुरांनी पळवलेला आपला धाकटा भाऊ गोलू याला ती शोधत निघते. मला येथे त्यातील जागांविषयी बोलायचे आहे. राजस्थानी किल्ले आणि महालांच्या धर्तीवर त्या रचल्या आहेत. नजर पात्राच्या पाठीशी चिकटलेली नाही; ती दूर, उंचावर ठेवली आहे. त्यामुळे राजी लहान दिसते आणि वास्तू तिच्या पूर्ण भव्यतेने दिसते. लघुचित्रात माणसे आणि महाल एकाच चौकटीत मावतात, त्याची आठवण होते. भिंती आणि खांब येथे नुसती शोभा नाहीत. राजी भिंतीवरून धावते, खांबाभोवती गिरकी घेऊन वार करते. मल्लखांब पाहिलेल्या मराठी माणसाला त्याचे वेगळे कौतुक वाटावे. भिंतीवरील चित्रांतून पुराणकथा उलगडतात आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत ज्या चित्रकथी आणि बाहुल्यांच्या परंपरा जपत आले, त्यांच्या कुळातलीच ही भाषा. परंपरा संग्रहालयात ठेवून जगत नाही. तिला नवे काम द्यावे लागते, हे या उदाहरणावरून दिसते.

तल्लीनता आणि व्यसन

प्रारंभी पालकांच्या प्रश्नाला बगल देणार नाही असे म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून अमलात आली, खेळण्यावरील ताबा सुटण्याच्या अवस्थेला विकार म्हणून स्थान दिले आहे. तेव्हा पालकांची भीती निराधार नाही. परंतु खेळात रंगणे आणि खेळाने गिळणे यांत भेद आहे, आणि तो भेद पुष्कळदा रचनेतच असतो. चांगली लेव्हल संपते. तिला दार असते. बाहेर पडल्यावर काही मिळवल्याचे समाधान असते. उलट काही खेळ मुद्दाम असे रचलेले असतात की त्यांना शेवटच नसतो. दर काही मिनिटांनी बक्षिसाचे आमिष, आणि थांबलात तर नुकसान. पहिला प्रकार देवळासारखा आहे. गाभाऱ्यापर्यंत जावे, दर्शन घ्यावे, परतावे. दुसरा जुगाराच्या अड्ड्यासारखा, जेथून बाहेरची वाटच दिसू नये.

खरा जुगार तर याहून वेगळा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून मनाई केली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे सामाजिक व शैक्षणिक खेळ यांना प्रोत्साहनाची भूमिका घेतली. हा विवेक घरातही हवा. मुलाला ‘खेळतोस किती वेळ?’ हे विचारावेच, पण सोबत ‘खेळतोस काय? ही जागा कोणी, कशी रचली असेल?’ हेही विचारावे. ज्याला नेपथ्य दिसू लागते तो नाटकात वाहून जात नाही. खेळणाऱ्या मुलाला खेळ रचण्याकडे वळवणे, हा मला दिसणारा सर्वांत चांगला उतारा आहे.

नवागामची लेव्हल

समजा, आपल्या शाळेतील एका मुलीने लेव्हल रचायची ठरवली. तिने कोणता किल्ला निवडावा? मी म्हणेन, तिने रात्रपाळीला गेलेल्या वडिलांचा डबा निवडावा. घरापासून लूमच्या कारखान्यापर्यंत डबा पोहोचवायचा, एवढीच कथा. पण पाहा, तिच्यात किती सामग्री आहे. लिंच यांच्या पाचही गोष्टी तेथे हजर आहेत. गल्ल्या या वाटा, रेल्वेचे रूळ ही कड, सोसायट्या या वस्त्या, भाजीबाजाराचा चौक हे नाके, आणि पाण्याची टाकी ही खुणेची जागा. कारखाना दिसण्याआधी लूमचा खडखडाट ऐकू येतो, तोच दिशादर्शक. एका गल्लीत वीज गेली आहे, तेथे अंधारी. दुसऱ्या गल्लीत श्रावणातल्या कानबाईची मिरवणूक आहे. तेथून वेगाने जाता येत नाही, पण अहिराणी गाणे कानी पडते आणि पाय आपोआप मंदावतात. तिसरी वाट लांबची, पण सुरक्षित. कोणती घ्यावी? डबा गार होतो आहे. येथे तलवार नाही, असुर नाही, तरी जीव टांगणीला लागतो.

दुसऱ्या कोणी ऑगस्ट २००६ चा पूर रचावा. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीकाठच्या या शहराचा मोठा भाग बुडाला होता. पाण्याची पातळी हीच तेथे रचनेची मुख्य रेघ. ओळखीचा रस्ता कमरेएवढ्या पाण्यात अनोळखी होतो, तळमजला नाहीसा होतो आणि गच्ची हे नवे अंगण बनते. ज्यांनी तो पूर पाहिला त्यांच्या आठवणी आज या सभागृहात आहेत. आणखी तीस वर्षांनी त्या विचारायला कोणाकडे जायचे? उधना-जळगाव रेल्वेमार्गाने धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली आपली माणसे. त्यांनी येथे संसार उभे केले, गल्ल्यांना गावपण दिले, परमुलखात मराठी शाळा भरत्या ठेवल्या. या वस्तीचा इतिहास ग्रंथांत थोडाच आला आहे. गल्ल्या रुंद होतील, जुनी घरे पडून इमारती उठतील. ते व्हायलाही हवे. पण ही जागा कशी होती, तिच्यात चालताना कसे वाटे, हे जपून ठेवण्याचे एक नवे साधन आज आपल्या मुलांच्या हाती आले आहे.

साधन स्वस्त आहे का, असे विचाराल. गोडो पूर्णतः विनामूल्य आहे आणि साध्या संगणकावरही चालते. अनरिअल शिकण्यासाठी पैसे पडत नाहीत. खेळाची एकूण मिळकत दहा लाख डॉलरच्या पुढे गेली तर वरच्या रकमेवर पाच टक्के द्यावे लागतात. मात्र त्याला दमदार संगणक लागतो. तेव्हा प्रारंभ गोडोने करावा, किंबहुना त्याही आधी कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी यांनी करावा. आपली गल्ली पावलांनी मोजावी, तिचा आराखडा काढावा, कोणत्या वेळी सावली कोठे पडते हे टिपावे. पुढे रीतसर शिकायचे तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर केंद्रात डिजिटल खेळरचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पण खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. या व्यवसायात नोकऱ्या मोजक्या, स्पर्धा तीव्र आणि कामाचे तास लांब असतात; उत्तम खेळही कधी विकला जात नाही. जो येईल त्याने चित्रकला, गणित आणि भाषा या तिन्हींची शिदोरी घेऊन यावे. एक आटली तर दुसरी तारते.

शाळेला माझी एक नम्र सूचना आहे. सुटीच्या महिन्यात संगणकाच्या खोलीत एक छोटा वर्ग भरवावा. पाचसहा मुलांनी मिळून एक गल्ली रचावी. एकाने मापे घ्यावीत, एकीने चित्रे काढावीत, एकाने आवाज ध्वनिमुद्रित करावेत, आणि एकीने आजीआजोबांकडून जुन्या गोष्टी, त्यांच्याच अहिराणीत, उतरवून घ्याव्यात. पहिले काम ओबडधोबड होईल. होऊ द्यावे. या वर्गासाठी लागेल तेवढा वेळ देण्यास मी बांधील आहे, आणि माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी आपला जुना पण चालता संगणक शाळेला द्यावा, अशी विनंती करतो.

मित्रहो, माणूस जेथे वाढतो ती जागा त्याच्यात वाढत असते. ती दुसऱ्याच्या हाती सोपवली, की तो रचील तीच आपली ओळख ठरते. आपल्या जागेचे चित्र आपण काढले नाही तर ते कोणी काढणारच नाही, किंवा न पाहताच काढील. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो त्यांनी या वस्तीतल्या मुलांच्या हाती पेन्सिल दिली. आजच्या मुलांच्या हाती निराळे साधन आहे. त्याने काय काढायचे, हे त्यांना सांगण्याची जबाबदारी आता आपली आहे.